डॉ. सुंदरलाल होरा : माशांच्या वाटांवरून डोंगर-नद्यांचा इतिहास शोधणारे शास्त्रज्ञ

जबलपूर शहरातील गोरखपूर भागातून दक्षिणेकडे निघाले की काही अंतरावर नर्मदेचा ग्वारीघाट लागतो. नदीच्या उत्तरेस विंध्य पर्वताची रांग आणि दक्षिणेस सातपुडा, अशा दोन डोंगररांगांमधून नर्मदा येथे पश्चिमेकडे वाहत जाते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून आणि पुढे मध्यप्रांताच्या कारभारामुळे या शहरात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली. त्यांच्या दृष्टीने नर्मदा ही परिक्रमेची आणि स्नानाची नदी आहे. तथापि याच नदीच्या खोऱ्याला आणि तिच्या दक्षिणेकडील सातपुड्याला प्राणिशास्त्राच्या जागतिक इतिहासातही एक स्थान आहे. ते मिळवून देणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव डॉ. सुंदरलाल होरा.

सह्याद्रीच्या ओढ्यांमधील काही मासे आसाम, ब्रह्मदेश आणि मलायातील माशांचे जवळचे नातलग का आहेत, हा प्रश्न होरा यांनी आयुष्यभर हाताळला. या माशांनी हजारो किलोमीटरचे अंतर सातपुड्याच्या आधाराने पार केले असावे, असे उत्तर त्यांनी मांडले. ते 'सातपुडा गृहीतक' या नावाने ओळखले जाते. या उत्तराबद्दल आजही एकमत नाही. मात्र नदीतील माशाला प्रवासाची वाट लागते आणि ती वाट बंद झाली तर त्याचे भवितव्य बदलते, हे होरा यांच्या संशोधनाचे मुख्य सूत्र आज अधिकच महत्त्वाचे ठरले आहे.

लाहोर ते कलकत्ता

सुंदरलाल होरा यांचा जन्म २२ मे १८९६ रोजी पंजाबमधील हाफिजाबाद येथे झाला. फाळणीनंतर हे गाव पाकिस्तानात गेले. लाहोरच्या शासकीय महाविद्यालयात त्यांनी प्राणिशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. याच काळात, १९१९ मध्ये, भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेचे संस्थापक संचालक नेल्सन अॅनंडेल लाहोरला आले होते. या तरुण विद्यार्थ्याची तयारी पाहून अॅनंडेल प्रभावित झाले आणि त्यांनी होरा यांना कलकत्त्याला येण्याचे निमंत्रण दिले. प्राणी सर्वेक्षणाची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत भारतीय संशोधकांची संख्या अद्याप मोजकी होती.

पुढच्याच वर्षी होरा यांना मणिपूरला पाठविण्यात आले. तेथील नद्या, ओढे आणि लोकटक सरोवर या परिसरात त्यांनी मासे गोळा केले आणि १९२१ मध्ये मणिपूर व नागा टेकड्यांतील मासे आणि मासेमारी यांविषयीचा प्रबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी संस्थेच्या मत्स्य आणि सरीसृप विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. वयाच्या पंचविशीतच देशभरातून येणाऱ्या माशांच्या नमुन्यांचा अभ्यास त्यांच्या हाती आला होता. १९२४ मध्ये अॅनंडेल यांचे निधन झाले. त्यानंतरही होरा यांनी गोड्या पाण्यातील प्राण्यांच्या अभ्यासाची त्यांची परंपरा पुढे चालविली. पंजाब विद्यापीठाने १९२२ मध्ये आणि एडिंबरा विद्यापीठाने १९२८ मध्ये त्यांना डी.एस्‌सी. पदवी प्रदान केली.

वेगवान प्रवाहातील मासे

होरा यांचे लक्ष प्रारंभापासूनच डोंगरी ओढ्यांतील लहान माशांकडे वेधले गेले. बाजारात या माशांना किंमत नसते आणि अनेकदा त्यांची लांबी बोटाएवढीही नसते. परंतु पावसाळ्यात दगड वाहून नेणाऱ्या प्रवाहात ते टिकून राहतात. हे कसे शक्य होते, याचा होरा यांनी बारकाईने शोध घेतला.

त्यांना असे आढळले की या माशांच्या शरीराची रचनाच प्रवाहाने घडविलेली असते. त्यांचे पोट सपाट असते. छातीचे आणि पोटाचे पर रुंद, आडवे पसरलेले असतात आणि त्यांच्या साहाय्याने मासा खडकाला चिकटून राहतो. काही जातींच्या हनुवटीखाली किंवा छातीवर खडकाला धरून राहण्यासाठी चकतीसारखा अवयव असतो. पाण्यात तरंगण्यास मदत करणारा वाताशय अशा माशांमध्ये आकसलेला असतो, कारण तरंगण्यापेक्षा तळाशी राहणे त्यांच्यासाठी अधिक आवश्यक असते. या विषयावरील त्यांचा विस्तृत प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १९३० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यामुळे त्यांचे नाव जगभरातील प्राणिशास्त्रज्ञांना परिचित झाले.

या अभ्यासातून एक निष्कर्ष आपोआप पुढे आला. खडकाला चिकटून राहण्यासाठी घडलेला मासा मैदानी प्रदेशातील संथ, गढूळ आणि उबदार पाण्यात जगू शकत नाही. एका डोंगरातून दुसऱ्या डोंगरात जाण्यासाठी त्याला डोंगरांचीच सलग साखळी हवी. अशा माशाची जात दोन दूरच्या डोंगररांगांमध्ये आढळली, तर त्या कधीकाळी जोडलेल्या होत्या काय, असा प्रश्न विचारावा लागतो. माशांचा अभ्यास येथे भूगोलाच्या आणि भूगर्भशास्त्राच्या अभ्यासाला येऊन मिळतो.

देवळाली, पुणे आणि मध्यप्रांत

महाराष्ट्राशी होरा यांचा संबंध संशोधनाच्या पहिल्या टप्प्यापासूनच आला. खंडाळ्याच्या ओढ्यात सापडलेल्या एका लहान माशाचे वर्णन अॅनंडेल यांनी १९१९ मध्ये केले होते. या माशाला स्वतंत्र स्थान देणे आवश्यक आहे, असे होरा यांनी दाखवून दिले आणि १९२१ मध्ये त्यासाठी 'पॅरासिलोरिंकस' ही नवी प्रजाती प्रस्थापित केली. सह्याद्रीतील वेगवान ओढ्यांत राहणाऱ्या माशांचा हा एक वैशिष्ट्यपूर्ण गट आहे.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नाशिकजवळील देवळाली येथील माशांविषयीची लेखमाला प्रसिद्ध झाली. के. एस. मिश्रा हे यातील त्यांचे सहकारी होते. देवळालीच्या परिसरात सापडलेल्या या गटातील आणखी एका माशाचे वर्णन दोघांनी १९३८ मध्ये केले आणि सोसायटीचे एस. एच. प्रेटर यांच्या नावावरून त्याचे नामकरण केले. नाशिक जिल्ह्यातील दारणा नदीच्या परिसरापुरता मर्यादित असलेला हा मासा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०११ च्या मूल्यांकनात अतिसंकटग्रस्त ठरविण्यात आला. माशाचा वावर जितका लहान क्षेत्रात, तितका तेथील पाण्यातील बदलाचा धोका मोठा, याचे हे उदाहरण आहे.

पुण्याच्या माशांचा अभ्यास तर त्याहून जुना होता. मुळा-मुठेच्या परिसरातील माशांची शास्त्रीय वर्णने कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केली होती. दख्खनच्या महाशीर माशाचे 'खुद्री' हे शास्त्रीय नाव तेव्हापासूनचे आहे. होरा यांनी सायक्स, फ्रान्सिस डे आणि इतर जुन्या अभ्यासकांनी दिलेली नावे नव्या नमुन्यांशी ताडून पाहिली. एकाच माशाला दिलेली दोन नावे आणि एकाच नावाखाली नोंदलेले दोन वेगळे मासे यांचा गोंधळ दूर करण्याचे हे काम होते. ते किचकट असले, तरी त्याखेरीज कोणता मासा कुठे राहतो, हेच निश्चित सांगता येत नाही.

याच सुमारास त्यांनी मध्य भारताकडे लक्ष वळविले. त्या वेळी नागपूर ही राजधानी असलेल्या मध्यप्रांतातील नद्यांच्या माशांविषयी फारशी माहिती उपलब्ध नव्हती. १९३८ मध्ये बस्तर संस्थानातील बैलाडिला डोंगर, १९४० मध्ये रायपूर जिल्ह्यातील महानदीचा उगमाकडील प्रदेश आणि १९४१ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील सातपुड्याची रांग येथील मत्स्यसंग्रहांवर त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. यातील शेवटच्या लेखात के. कृष्णन नायर हे त्यांचे सहलेखक होते. नर्मदेच्या काठावरील होशंगाबाद शहराचे नाव आता नर्मदापुरम आहे.

आसाम आणि सह्याद्री यांच्यामधील दुव्यांच्या शोधात या नोंदी महत्त्वाच्या होत्या. फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याहून वर्णन केलेला एक लहान, मिशाळ मासा सातपुड्यातील पचमढीच्या ओढ्यांतही आढळतो. नर्मदेच्या दक्षिणेकडील डोंगर आणि सह्याद्री यांच्यात माशांची देवाणघेवाण झाली असावी, याचा हा एक संकेत होता.

हिलसा, महाशीर आणि धरणांचा प्रश्न

होरा यांचे कार्य केवळ संग्रहालयापुरते मर्यादित नव्हते. हिलसा, म्हणजे मराठी मुलखातील पाला, हा मासा समुद्रातून नदीत चढतो. परंतु तो नेमकी कुठे अंडी घालतो आणि पिलांचे पुढे काय होते, याची माहिती अपुरी होती. कलकत्त्याला पाणी पुरविणाऱ्या पलता येथील जलकेंद्रात नदीचे पाणी गाळ बसण्यासाठी टाक्यांमध्ये साठविले जात असे. या टाक्यांमध्ये हिलशाची पिले आढळली आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात होरा यांनी त्यांच्या आधारे या माशाच्या प्रजननाचा व प्रवासाचा अभ्यास केला. इतकी लहान पिले ज्याअर्थी हुगळीच्या पाण्याबरोबर टाकीत आली, त्याअर्थी अंडी घालण्याची जागा फार दूर नसावी, हा त्यामागील तर्क होता.

याच काळात भारतातील शिकारी मासे, विशेषतः महाशीर, यांवरील त्यांची दीर्घ लेखमाला मुंबईहून प्रसिद्ध होत होती. महाशीर हा मोठ्या खवल्यांचा, ताकदवान मासा पावसाळ्यात पाणी वाढले की प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ, खळखळत्या पाण्यात, वाळू-गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. उत्तरेकडील, नर्मदेतील आणि दक्षिणेतील महाशीर यांच्यातील भेद स्पष्ट करण्यासाठी या लेखमालेचा मोठा उपयोग झाला.

अशा माशांच्या मार्गात बांध घातला तर काय होते, याचे उदाहरण तेव्हा समोर होते. कावेरीवरील मेट्टूर धरण १९३४ मध्ये पूर्ण झाले आणि त्या नदीत वर चढणाऱ्या हिलशाला पुढची वाट उरली नाही. धरणे आणि स्थलांतर करणारे मासे या प्रश्नावर होरा यांनी १९४० मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात टिपण लिहिले. भारतातील बहुतेक मोठी धरणे त्यानंतरच्या काळातील आहेत. सिंचन आणि विजेच्या योजना आखताना माशांचाही विचार व्हावा, हा विषय स्वातंत्र्यापूर्वीच शास्त्रीय चर्चेत आला होता, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातही त्यांच्या ज्ञानाचा उपयोग झाला. हिवतापाच्या निर्मूलनासाठी डासांच्या अळ्या खाणारे मासे तळ्यांत सोडण्याची पद्धत तेव्हा रूढ होत होती. यासाठी कोणता मासा उपयुक्त हे ओळखणे आवश्यक होते. डी. डी. मुखर्जी यांच्यासमवेत होरा यांनी भारतातील गोड्या पाण्यातील मासे ओळखण्याचे कोष्टक तयार केले आणि ते सरकारच्या आरोग्यविषयक पुस्तिकांच्या मालेत १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुष्काळाचा बंगाल आणि पुरात भिजलेला संग्रह

१९४२ मध्ये होरा यांची बंगाल प्रांताचे मत्स्यसंचालक म्हणून नियुक्ती झाली. हा काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता आणि पुढच्याच वर्षी बंगालला भीषण दुष्काळाने ग्रासले. मासा हा बंगाली माणसाच्या रोजच्या आहाराचा भाग असल्याने तळी, भातखाचरे आणि खाडीकाठची जलक्षेत्रे यांमधील मत्स्यउत्पादन वाढविणे हा प्रश्न तातडीचा बनला होता. जातींची नावे आणि त्यांचे नातेसंबंध यांत रमलेल्या संशोधकाला आता मत्स्यबीज, बाजार आणि मच्छीमारांची उपजीविका यांचा विचार करावा लागला. मत्स्यशेतीविषयी त्यांनी केलेल्या लेखनाचा पुढील काळात आशियातील इतर देशांनाही उपयोग झाला. टी. व्ही. आर. पिल्ले यांच्यासमवेत त्यांनी तयार केलेली मत्स्यसंवर्धनाची पुस्तिका संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्यांच्या निधनानंतर, १९६२ मध्ये प्रसिद्ध केली.

१९४७ मध्ये ते भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक झाले. त्या वेळी संस्थेची अवस्था बिकट होती. युद्धकाळात कलकत्त्यावरील हल्ल्यांच्या भीतीने १९४२ मध्ये संस्था आणि तिचे संग्रह वाराणसीला हलविण्यात आले होते. तेथे १९४३ मध्ये वरुणा नदीला पूर आला आणि पाणी थेट संग्रहात शिरले. अनेक दशकांच्या मेहनतीने गोळा केलेल्या नमुन्यांची मोठी हानी झाली. नमुन्याची बाटली फुटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी पुसली गेली, तर तो मासा कोणत्या नदीतील, हे कायमचे हरवते. हा ठेवा सावरणे आणि संस्था पुन्हा कलकत्त्यात उभी करणे, ही जबाबदारी होरा यांच्यावर आली. ज्या वर्षी त्यांनी सूत्रे स्वीकारली, त्याच वर्षी त्यांचे जन्मगाव परदेशात गेले होते.

सातपुडा गृहीतक

प्रशासकीय जबाबदाऱ्यांच्या याच काळात होरा यांनी आपला सर्वांत चर्चित सिद्धान्त मांडला. त्याची पूर्वतयारी १९४४ च्या लेखात दिसते. १९४९ मध्ये या विषयावर शास्त्रज्ञांचा परिसंवाद झाला आणि १९५३ मध्ये ब्रिटनमधील एका विज्ञान नियतकालिकात त्यांनी गृहीतकाची पुन्हा मांडणी केली.

मूळ कोडे असे होते. चिकटून राहणाऱ्या डोंगरी माशांचे काही गट आग्नेय आशियात आणि पूर्व हिमालयाच्या परिसरात आढळतात. त्यांचे नातलग सह्याद्रीच्या दक्षिण भागात आढळतात. मधल्या विस्तीर्ण प्रदेशात मात्र ते नाहीत. पक्षी किंवा वनस्पतींचे बी वाऱ्याने वा हवेतून जाऊ शकते, माशाला तो मार्ग नाही.

होरा यांच्या मते पूर्वी आसामकडील गारो टेकड्या आणि बिहारच्या सीमेवरील राजमहाल टेकड्या यांच्यामधील दरी आजच्यासारखी खोल व गाळाने भरलेली नव्हती. मासे तेथून छोटा नागपूरच्या पठारावर, तेथून विंध्य-सातपुड्याच्या रांगांवर आणि सातपुड्याच्या पश्चिम टोकाकडून सह्याद्रीवर पोहोचले. त्या काळी या डोंगरांची उंची आणि पाऊस दोन्ही अधिक असावेत, त्यामुळे तेथे बारमाही वेगवान ओढे असतील, असे त्यांनी गृहीत धरले. जमीन एका बाजूला कलली की एका नदीचा माथ्याकडील प्रवाह दुसऱ्या नदीला जाऊन मिळतो आणि त्याच्यासोबत मासेही नव्या खोऱ्यात जातात, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे स्थलांतर एकाच वेळी न होता लाटांच्या स्वरूपात झाले. पुढे हवामान कोरडे झाले, डोंगर झिजले, दरी गाळाने भरली आणि मधल्या प्रदेशातील मासे नाहीसे झाले. दोन टोकांचे नातलग तेवढे शिल्लक राहिले.

या कल्पनेने अनेक संशोधकांना प्रेरणा दिली. ए. जी. के. मेनन आणि ई. जी. सायलस यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गृहीतकाचा विस्तार करणारे लेख लिहिले. वनस्पती, पक्षी आणि इतर प्राण्यांच्या अभ्यासकांनीही ते आपापल्या क्षेत्रात तपासून पाहिले. भूगर्भशास्त्रज्ञ जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये भूगर्भशास्त्राच्या अंगाने त्याची चर्चा केली.

आक्षेपही घेतले गेले. सातपुडा पुरेसा उंच आणि ओला होता, याचा स्वतंत्र पुरावा कोठे आहे, हा त्यांतील एक होता. दुसरा असा की, सारख्या प्रवाहात राहणारे वेगवेगळ्या वंशांचे मासे स्वतंत्रपणे सारखे दिसू लागू शकतात, त्यामुळे केवळ शरीराच्या साम्यावरून नाते ठरविणे धोक्याचे असते. होरा यांच्या हयातीत भूखंडांच्या हालचालींचा सिद्धान्त सर्वमान्य झालेला नव्हता, तो १९६० च्या दशकात स्थिरावला. माशांच्या जनुकांची तुलना करण्याचे साधनही त्यांच्याजवळ नव्हते. २००१ आणि २००३ मध्ये 'करंट सायन्स' मधील लेखांमधून गृहीतकाची नव्या दृष्टीने तपासणी झाली. सर्व जातींना एकच मार्ग लावणे अवघड आहे, प्रत्येक गटाचा इतिहास वेगळा असू शकतो, असा कल आता दिसतो. एखादे गृहीतक पन्नास वर्षांनंतरही खोडून काढण्यायोग्य वाटावे, ही त्याच्या मांडणीतील स्पष्टतेची खूण मानावी लागेल.

अशोकाचा शिलालेख आणि मानसोल्लास

आयुष्याच्या अखेरच्या काळात होरा प्राचीन भारतीय वाङ्मयातील मत्स्यज्ञानाकडे वळले. कौटिल्याचे अर्थशास्त्र, जातककथा आणि अशोकाचा पाचवा स्तंभलेख यांचा त्यांनी प्राणिशास्त्रज्ञाच्या दृष्टीने अभ्यास केला. या स्तंभलेखात काही प्राण्यांना अभय दिले असून ठराविक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे, कारण त्यात मराठी पद्यरचनेचे प्राचीन नमुने आढळतात. याच संस्कृत ग्रंथात गळाने मासे धरण्याच्या विनोदावर एक प्रकरण आहे. समुद्रातील आणि नदीतील, खवले असणारे आणि नसणारे अशी माशांची विभागणी तसेच त्यांना घालावयाचे आमिष यांची माहिती त्यात येते. होरा यांनी त्यातील मासे आजचे कोणते, हे ओळखण्याचा प्रयत्न केला. नदीकाठच्या माणसाने शास्त्रीय संग्रहालये निर्माण होण्याच्या कितीतरी आधी मासे बारकाईने पाहिले होते, हे या अभ्यासातून पुढे आले.

१९५४ मध्ये हैदराबाद येथे झालेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद होरा यांनी भूषविले. ८ डिसेंबर १९५५ रोजी कलकत्ता येथे त्यांचे निधन झाले. ते ५९ वर्षांचे होते आणि अखेरपर्यंत प्राणी सर्वेक्षणाच्या संचालकपदावर कार्यरत होते.

नर्मदेतील बदललेली वाट

त्यांच्या निधनानंतर काही वर्षांतच संस्थेची प्रादेशिक केंद्रे पुणे आणि जबलपूर येथे सुरू झाली. त्यांतील जबलपूरचे केंद्र १९६० मधील आहे. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने १९५८ ते १९६६ या काळात नर्मदेतील मासे आणि मासेमारी यांचे सविस्तर सर्वेक्षण केले. नदीवर मोठी धरणे होण्यापूर्वीचे हे चित्र असल्याने पुढील प्रत्येक तुलनेसाठी ते आधारभूत ठरले.

त्यानंतर नदीचे स्वरूप बदलले. उपनदीवरील तवा धरण १९७८ मध्ये पूर्ण झाले. जबलपूरच्या वरच्या बाजूस बरगी धरण १९९० मध्ये उभे राहिले. पुढे इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि गुजरातमधील सरदार सरोवर यांची भर पडली. या धरणांनी शेतीला पाणी आणि शहरांना वीज दिली. जलाशयांमध्ये मत्स्यबीज सोडून मासेमारीचे नवे क्षेत्रही निर्माण झाले. परंतु जलाशयातील संथ पाणी कटला, रोहू यांसारख्या माशांना मानवते, तर महाशीरला प्रवाह, गोट्यांचा तळ आणि वर चढण्याची वाट लागते. नदीच्या मुखाकडे, भरूचच्या परिसरात, हिलशावर अवलंबून असणाऱ्या मच्छीमारांनाही गोड्या पाण्याचा प्रवाह घटल्याची झळ बसली. गंगेवर १९७५ मध्ये कार्यान्वित झालेल्या फराक्का बंधाऱ्यानंतर पूर्वी अलाहाबादपर्यंत आणि त्याही वर जाणाऱ्या हिलशाच्या बाबतीत असेच घडले होते.

माशांचे आरोग्य केवळ रोग नसण्यावर अवलंबून नसते. पाण्याचे तापमान, त्यातील प्राणवायू, तळाचे स्वरूप आणि योग्य ऋतूत योग्य ठिकाणी पोहोचण्याची शक्यता यांचा त्यात समावेश होतो. धरणातून वेळी-अवेळी सोडलेल्या पाण्याने अंडी वाहून जातात, तर वाळूच्या उपशाने अंडी घालण्याची जागाच नाहीशी होते. मध्य प्रदेश सरकारने २०११ मध्ये महाशीरला राज्य मत्स्याचा दर्जा दिला. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास केली जाते आणि तेथील बोटुकल्या देशातील अनेक जलाशयांमध्ये सोडण्यात आल्या आहेत. तथापि एका खोऱ्यातील महाशीर दुसऱ्या खोऱ्यात सोडल्यास तेथील मूळ जातीचे काय होईल, हा प्रश्नही त्यातून उपस्थित झाला आहे. त्याचे उत्तर शोधताना, कोणती जात मुळात कोणत्या नदीतील, या होरा यांनी केलेल्या नोंदींकडेच परतावे लागते.

एखाद्या डोंगररांगेत दरी पडली की तिच्या दोन बाजूंचे मासे एकमेकांपासून कायमचे तुटतात, असे होरा यांनी लाखो वर्षांच्या इतिहासाबद्दल सांगितले होते. नर्मदेत आणि देशातील इतर नद्यांमध्ये अशी तुटातूट आता एका पिढीच्या काळात घडते आहे. बरगी धरणाच्या खालचे महाशीर मंडल्याकडे जाऊ शकत नाहीत आणि वरचे खाली उतरून परतू शकत नाहीत. नव्या योजना आखताना माशांसाठी वाट ठेवायची की नाही, हा निर्णय मात्र निसर्गाचा नसून माणसाच्या हातातील आहे.